खालचा दम

आमची वाडी खाली, ओहोळाच्या काठाला, आणि डांबरी रस्ता वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर. मधे घाटी. घाटी म्हणजे जांभ्या दगडाची उभी चढण. पावसात तिच्यावर शेवाळ धरे आणि उन्हाळ्यात लाल धूळ, आणि दोन वळणं इतकी अरुंद होती की समोरून गुरं आली तर माणसाला कुंपणाला पाठ लावून उभं राहावं लागे. घाटीतून कोण येतंय हे आम्हाला घरात बसून आवाजावरून कळायचं. पोस्टमनच्या सायकलची साखळी उतरताना वाजे, मासे घेऊन येणारी बाई पहिल्या वळणावरच हाक घाली. आणि एका वर्षी, फक्त एका वर्षी, घाटीतून माझ्या गाडीचा आवाज यायचा. ती गाडी माझी होती असं आज म्हणावं की नाही, मला खरंच ठरवता येत नाही. कागदावर ती माझी कधीच नव्हती.

घर एकत्र होतं. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळं गाव भाऊच म्हणायचं, ते घराचे कर्ते. शेत, काजू, कलमं, देवळातला मान, सगळं त्यांच्या शब्दावर चाले. माझे वडील त्यांच्याहून लहान, मुळात कमी बोलणारे. घरात कोण कुठे आहे हे जेवणाच्या पानात स्पष्ट दिसायचं. सकाळी सगळ्यांना उकड्या तांदळाची पेज, पण भाऊंच्या पेजेबरोबर भाजलेला सुका बांगडा अख्खा, बाबांच्या पानात अर्धा, आणि आम्हा मुलांना लोणच्याची फोड. दुपारी काकी वाढायची आणि आई चुलीपुढे. आई आमच्यानंतर जेवायची आणि कढीच्या टोपात भात कालवून खायची, वेगळं ताट घ्यायची नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तेव्हा ते तसंच असतं असं वाटायचं. आता लिहायला बसल्यावर कळतं की मला त्या अर्ध्या बांगड्याचा राग होता.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. कणकवलीला, विज्ञान शाखेला. भाऊंनी जा म्हटलं नाही, जाऊ नको असंही म्हटलं नाही. "बघूया," म्हणाले. पहिलं वर्ष कसंबसं गेलं. अडचण अशी होती की प्रॅक्टिकल सकाळी लवकर असायचं आणि फाट्यावरून पहिली एसटी धरून पोचेपर्यंत ते अर्ध्यावर आलेलं असायचं. दरवाजात उभं राहून "सर, आत येऊ?" म्हणताना माझी जीभ जड व्हायची. घरी "माका", "तुका" बोलणारा मी तिथे "मला", "तुम्हाला" जुळवत उभा असायचो आणि मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणायचं, "इलो, एसटीवालो इलो." पहिल्या वर्षी सरांनी सांभाळून घेतलं. दुसऱ्या वर्षाला मात्र त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं: हजेरी भरली नाही तर टर्म मिळणार नाही, आणि टर्म नाही तर परीक्षेला बसता येणार नाही.

गाडी भाऊंच्या मुलाची, विजूची. तो गोव्यात हॉटेलात कामाला होता. तिथे कोणाकडून तरी त्याने ती घेतली: दोन सिलिंडरची, दोन सायलेन्सरची, पळण्यासाठीच केलेली मोटारसायकल. आमच्या भागात तशी दुसरी नव्हती. विजूने ती पहिल्यांदा घाटीतून खाली आणली तेव्हा गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली होती. उतरताना ठीक, पण चढताना ती गाडी किंचाळायची. खालच्या वेगाला तिच्यात जोरच नसे. हळू चालवली की धडधडून बंद पडायची, म्हणून विजू क्लच अर्धा दाबून, मूठ पिळून ती वर न्यायचा. मग मधेच तिला जोर यायचा तो असा एकदम की मागचं चाक शेवाळावरून घसरून गाडी आडवी. दोनदा पडला. जळलेल्या क्लचचा वास घाटीत संध्याकाळपर्यंत राहायचा. पुढे विजू बोटीवर नोकरीला लागला आणि गाडी आमच्या मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपीत, गवताच्या पेंढ्यांमागे गेली. कोंबड्या तिच्या सीटवर झोपू लागल्या.

एकदा भाऊंनी ती फोंडाघाटच्या मेस्त्रीला दाखवली. घाट चढण्याआधी ट्रक ज्याच्याकडे थांबतात तो. टेम्पोत घालून नेली होती, मी बरोबर होतो. मेस्त्रीने लाथ मारून ती चालू केली, दोन मिनिटं ऐकली आणि हात पुसले.

"भाऊनु, ही गाडी पळाक केल्ली आसा, चलाक नाय," तो म्हणाला. "तुमच्या घाटयेक हिचो उपयोग काय? खालचो दम नाय हिका."

"मग काय करूचा?"

"नारळाच्या बदल्याक घाला आणि तो देवाक वाढवा," मेस्त्री म्हणाला आणि स्वतःच हसला. "नायतर भंगारवालो येता बुधवारी."

त्या संध्याकाळी खळ्यात, घरापुढच्या अंगणात, सगळे बसलेले असताना भाऊंनी तो विषय संपवला. काकी काळे वाटाणे निवडत होती, बाबा दोरी वळत होते. भाऊ मला म्हणाले, "दिगू, तुका व्हयी तर घे ती. भंगारात घालण्यापेक्षा तुझ्या कॉलेजाक तरी उपयोगी पडात."

"खरा?" मी विचारलं.

"खरा म्हणजे? मी काय फटकेगिरी करतंय? घे म्हटलंय ना. विजूक पण चलात. आता ती तुझी."

काकी म्हणाली, "कोंबडेंका इचारलास काय, तेंची आसा ती." सगळे हसले. मीही हसलो. पण ऐकलं सगळ्यांनी होतं.

पूर्ण उन्हाळा मी त्या गाडीत घालवला. मला गाड्यांतलं काही येत नव्हतं, फक्त एवढं ठाऊक होतं की कुठलीही गोष्ट का होत नाही याला कारण असतं. आणि मला तिचा वेग नकोच होता. मला ती घाटीतून हळू, माणसाच्या चालीने, न ओरडता चढायला हवी होती. हे मी कोणाला सांगितलं तर लोक हसायचे. पळणाऱ्या घोड्याला जोताला जुंपायचं म्हणतोय हा, असं शेजारचे म्हणाले. पण विचार करताना मला दिसत गेलं की विजूने हौसेने जे जे काढून टाकलं होतं, तेच तिचं खालचं बळ होतं. हवा गाळणारी मूळची पेटी काढून त्याने दोन उघडे फिल्टर लावले होते. सायलेन्सरच्या आतल्या नळ्या काढून ठेवल्या होत्या, आवाज मोठा यावा म्हणून. उघड्या तोंडाने आणि मोकळ्या नळीने इंजिन वरच्या वेगाला छान श्वास घेतं, खाली मात्र त्याची हवा आणि पेट्रोलची सांगड सुटते. पेटी मांगरातच सापडली. तिच्यात एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. पिल्लं बाहेर येईपर्यंत मला थांबावं लागलं, आईने हातच लावू दिला नाही. सायलेन्सरच्या नळ्या गोणपाटात गुंडाळलेल्या मिळाल्या, आत जळक्या तेलाचा कोळसा इतका की भोकं बुजलेली. तेव्हा तरव्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी, जमीन भाजायची होती. पालापाचोळा, शेण, झाडांची तोडलेली कवळं रचून बाबांनी आग लावली आणि मी त्या नळ्या मधोमध ठेवल्या. धूर निळा आला. बाबांनी एकदा बघितलं आणि काठीने जाळ त्यांच्यावर ओढून दिला.

मग कार्बोरेटर. दोन सिलिंडरना दोन. मूठ एकच, पण तिच्या तारेला पुढे दोन फाटे फुटतात आणि प्रत्येक फाटा एकेका कार्बोरेटरमधला पडदा उचलतो. मी दोन्हीकडे आत एकेक बोट घातलं आणि मूठ अगदी हळू पिळली. उजवा पडदा लगेच हलला. डावा थोडा मागून, तांदळाच्या दाण्याएवढा मागून. त्या एका दाण्यात सगळं होतं. भरधाव असताना एवढ्या फरकाने काही बिघडत नाही, पण हळू चालताना तेवढ्यानेच एक बैल ओढतो आणि दुसरा नुसता जोताबरोबर चालतो. जोतामागे मी लहानपणापासून चाललो होतो, तेव्हा हे मला पुस्तकाशिवाय समजलं. मी तारेची नळी किंचित सैल, किंचित घट्ट करत दोन्ही पडदे एकाच क्षणी उठतील असं केलं. इंजिनाकडे हवा नेणारे रबर तडकले होते, त्यांतून चोरटी हवा आत शिरायची. ते बदलले. कॉलेजात प्रॅक्टिकलला शिकलेलं होतं म्हणून टॉर्चचा बल्ब आणि दोन वायरी घेऊन दोन्ही ठिणग्या आपापल्या ठरलेल्या जागी पडतात का ते बघितलं. डावी थोडी उशिरा पडत होती, ती ओढून घेतली. शेवटी एकेका सिलिंडरला एकटं चालवायचं: उजवा बंद करून डाव्यावर, स्क्रू फिरवत, इतकं हळू की आता मरेल असं वाटावं. मग डावा बंद करून उजव्यावर. दोघांच्या धापा सारख्या झाल्या की दोघांना जोडायचं. साखळीचं पुढचं चक्र एका दाताने लहान बसवलं, ते त्याच मेस्त्रीने कोल्हापूरला जाणाऱ्या ट्रकवाल्याकडून आणवलं होतं आणि वर म्हणाला होता, "मेल्या, आता ती पळाची पण नाय आणि चलाची पण नाय."

ती चालली. पहिल्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण सोडून, मूठ जेमतेम फिरवून मी घाटी चढलो. आवाज जात्यासारखा, सलग. वर सड्यावर पोचून मी गाडी उभी केली आणि दोन्ही सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरले. दोन्ही हातांवर सारखे ठोके पडत होते. आजही डोळे मिटले तर ते हातांना आठवतात. आता घाटी काँक्रीटची झालीय आणि नव्या गाड्यांत हे सगळं एक छोटी पेटी स्वतःच जुळवते. माझ्या चुलत बहिणीचा, मंदाचा, मुलगा परवा मला मोबाईलवर कोणाचा तरी व्हिडिओ दाखवत होता, तशीच जुनी गाडी कोणीतरी दुरुस्त करतोय असा. "मामा, तुम्हाला यातलं काही कळतं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, थोडं.

जूनपासून दिवाळीपर्यंत माझा एकही प्रॅक्टिकलचा दिवस चुकला नाही. पावसात रेनकोट घालून, शेवाळावरून, न घसरता. आई पहाटे उठून पेज करायची आणि मी घाटी चढेपर्यंत दारात उभी राहायची. आवाज तुटला नाही म्हणजे मी वर पोचलो, असं तिचं गणित. त्या महिन्यांत सरांनी माझं नाव घेऊन हाक मारली. दोलकाच्या प्रयोगात माझं उत्तर सगळ्यांत जवळ आलं होतं. या गोष्टी लहान आहेत, मला ठाऊक आहे. पण आमच्या घरात अशा गोष्टी आधी कोणाला झाल्याच नव्हत्या, म्हणून मी त्या इथे लिहून ठेवतो.

दिवाळीनंतर मंदाला बघायला मालवणहून मंडळी आली. मंदा भाऊंची मुलगी, माझ्याहून वर्षाने मोठी, माझी एकमेव मैत्रीण म्हटलं तरी चालेल. मुलगा सतीश, बाजारपेठेत दुकान असलेल्या घरातला. त्यांची गाडी वर रस्त्यावरच राहिली, घाटीतून उतरेना. बायका चालत निघाल्या. सतीशच्या पायाला काहीतरी लागलं होतं, तो लंगडत होता. भाऊ म्हणाले, "दिगू, तू गाडयेर घेऊन ये तेंका." मी गेलो, मागे बसवून खाली आणलं. चहा-घावणे झाले, काळ्या वाटाण्याचं सांबार आणि वडे झाले, आणि परत वर सोडायलाही मीच. चढताना सतीशने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. दुसऱ्या वळणावर, जिथे विजू पडायचा, तिथे मी गाडी जवळजवळ थांबवून पुन्हा उचलली.

"ही एवढी हळू कशी काय चढते?" त्याने विचारलं. "माझ्या मित्राकडे अशीच आहे. ती तर खाली नुसती गचके खाते."

मला कोणी कधी असं विचारलं नव्हतं. वर पोचल्यावर मी इंजिन चालू ठेवून त्याला सगळं सांगितलं. पडदे, ठिणगी, नळ्या, लहान चक्र. त्याचे तळहात धरून सायलेन्सरपाशी नेले. तो खरंच खूश झाला. त्याच्याविषयी माझ्या मनात तेव्हाही काही नव्हतं, आजही नाही. त्याने काही मागितलं नाही. नंतर निरोप आला तो एवढाच: मुलगी पसंत आहे, देण्याघेण्याचं काही नाही, "मुलग्याला तुमची ती गाडी फार आवडली."

कधीकधी वाटतं, ती गाडी तशीच किंचाळत राहिली असती तर कोणाला आवडली नसती. भंगारवाल्यालाही नको होती ती. चालण्यासारखी मी केली.

आमच्याकडे मोठं काही ठरवायचं तर देवाचा कौल घेतात. देवळात गुरव पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवतो, देवापुढे गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे गप्प राहून बघत बसतात. उजवीकडची कळी आधी पडली तर देवाचं म्हणणं एक, डावीकडची पडली तर दुसरं. लग्नाआधी असा कौल घ्यायला आम्ही सगळे पुरुष गेलो. मी मागे, बाबांच्या बाजूला उभा होतो. गाऱ्हाण्याला एक ताल असतो. गुरव एक वाक्य लांबवत म्हणतो, आणि ते संपलं की जमलेले सगळे एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. लहानपणापासून हे इतकं अंगात मुरलेलं असतं की वाक्य काय होतं याकडे कोणाचं लक्ष नसतं. शेवटचा सूर पडला की तोंड आपोआप उघडतं.

"बा देवा म्हाराजा, आज ही जी काय तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत..."

"व्हय म्हाराजा."

"तेंच्या घरात मंगलकार्य उभ्या रवला आसा, तेच्यात काय इडापिडा असात ती दूर कर..."

"व्हय म्हाराजा."

"आणि घरातली फटफटी जावयाक देवची म्हणान ह्येंच्या मनात इला आसा, ती लग्नाच्या आदी देवची असात तर उजवो कौल दी, लग्नाच्या मागसून देवची असात तर डावो दी रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

त्या आवाजात माझाही आवाज होता. तो तोंडातून गेल्यावर मग शब्द कानात शिरले. आधी की नंतर. देवाला एवढंच विचारलं होतं. द्यायची की नाही हे विचारलंच नव्हतं, आणि कोणाची ती द्यायची हे तर दूरच. मी भाऊंकडे बघितलं. ते हात जोडून कळ्यांकडे बघत होते, चेहरा अगदी भाविक. समईची वात तडतडत होती. बऱ्याच वेळाने उजवी कळी ओघळली आणि खाली पडली. गुरवाने ती उचलून भाऊंच्या हातात दिली. भाऊंनी डोळ्यांना लावली.

घरी येताना मी वाटेत त्यांना गाठलं. "भाऊ, ती गाडी तुमी माका दिलास. खळ्यात, सगळ्यांसमोर."

"दिलंय मरे," ते शांतपणे म्हणाले. "नाय कोण म्हणता? पण आता देवान सांगल्यान. देवाच्या वर मी जाव काय?"

"देवाक तसा इचारलासच नाय."

ते थांबले. वळून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, म्हणून ती जास्त लागली. "कॉलेजात जाऊन ह्या शिकलंस? गाऱ्हाण्याक तू पण व्हय म्हटलंस. माझ्या कानान ऐकलंय. चार माणसांनी ऐकला. आता घराकडे येवन बदलतंस?"

बाबा मागून येत होते. ते आमच्या शेजारून पुढे गेले.

घरात काकी म्हणाली, "बहिणीच्या सुखापेक्षा लोखंड मोठा काय रे झिला?" आई चुलीपुढे होती. तिने भाताचा टोप इतक्या जोरात खाली ठेवला की झाकण उडालं. संध्याकाळी मंदा विहिरीवर मला भेटली. "माका नको ती गाडी," ती म्हणाली. "देवाशपथ नको. पण मी सांगान कोणाक? माझ्या लग्नात माझा कोण ऐकता?" ती रडली नाही. कळशी भरली आणि गेली.

लग्नाच्या आठवड्यात गाडी मालवणला पोचवायची होती. सकाळी मी ती विहिरीजवळ धुतली. माझ्या खिशात लहान स्क्रूड्रायव्हर होता, नेहमीच असायचा. डाव्या कार्बोरेटरची तार पाव फेरा सैल केली की पुरे होतं. तांदळाच्या दाण्याएवढा फरक. कोणाला कधी कळलं नसतं. ती पुन्हा गचके खाऊ लागली असती, चढणीला एकदम उसळली असती, आणि महिन्याभरात कोणीतरी कंटाळून म्हणालं असतं, घेऊन जा रे तुझी ही. मी स्क्रूड्रायव्हर लावला सुद्धा. मग डोळ्यांपुढे आलं की पहिल्या सणाला सतीश तिला घेऊन याच घाटीतून येणार. मंदा मागे, एका बाजूला पाय सोडून, साडीत, आणि दुसऱ्या वळणावर शेवाळ. मी स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. मोठेपणा वाटला असता तर बरं वाटलं असतं. मला नुसतं रिकामं वाटलं.

मालवणला त्यांच्या दारात सतीशला मी पुन्हा सगळं दाखवलं. थंड असताना चोक किती, हळू चालवताना मूठ कुठे. त्याने ऐकलं, मान हलवली. "छान केलंयस. पण रस्त्याला जरा पळायलाही हवी ना," तो म्हणाला. "ते पुढचं चक्र मोठं बसवून घेतो." त्याच्या आईने मला सोलकढी दिली. मी ती उभ्यानेच प्यायलो आणि एसटी स्टँडकडे चालू लागलो.

पुढच्या सहामाहीची प्रॅक्टिकलं एसटीने गेली, म्हणजे अर्धी गेली. मी फाट्यापर्यंत पळत जायचो. ट्रकला हात करायचो. एखादा थांबे, एखादा नाही. दरवाजात पुन्हा "सर, आत येऊ?" सुरू झालं. शेवटी सरांनी मला एकट्याला बोलावलं. ते वाईट नव्हते. म्हणाले, "पहिली टर्म तू इतकी छान केलीस. मग काय झालं? गाडी होती ना तुझ्याकडे?" मी म्हटलं, "घरची होती, सर." त्यांनी हजेरीचा आकडा दाखवला आणि म्हणाले की त्यांच्या हातात काही नाही. पुढच्या वर्षी पुन्हा नाव घाल, असंही म्हणाले. पण त्या पुढच्या वर्षी भाऊंना कंबरेचं दुखणं लागलं आणि शेताला हात हवे झाले. माझ्या नावापुढे पदवी कधी लागली नाही. नोकरी लागली ती शाळेच्या प्रयोगशाळेत, मुलांच्या प्रयोगाची मांडणी करून द्यायची. ती मी नीट केली.

ज्या दिवशी सरांनी आकडा दाखवला त्या दुपारी मी घरी आलो तेव्हा बाबा खळ्यात एकटेच काजूच्या बिया पसरत होते. भाऊ कुठे तरी गेले होते. मी दप्तर ओट्यावर ठेवलं.

"बाबा, माका परीक्षेक बसाक देणत नाय."

त्यांचा हात थांबला. मग परत चालू झाला. मी तिथेच उभा राहिलो. एवढे महिने जे विचारायचं टाळलं होतं ते विचारलं. "देवळात तुमी व्हय कित्याक म्हटलास? तुमका तरी ठावक होता ना, ती गाडी माका किती व्हयी ता."

बाबा बोटांनी बिया सारखत राहिले. माझ्याकडे बघितलंही नाही.

"तू म्हटलंस म्हणान," ते म्हणाले. "तुझो आवाज ऐकलंय. माका वाटला, तुझी खुशी आसा. झील स्वताच व्हय म्हणता, तर मी नाय कसा म्हणू?"

देवळात ते माझ्या डाव्या हाताला उभे होते. त्यांचा आवाज माझ्या आधी आला होता. तो कानावर पडला म्हणूनच माझं तोंड उघडलं, हे मला तेव्हा पक्कं ठाऊक होतं आणि आजही आहे. मी ते बोललो नाही. त्यांच्या समोर खाली बसलो आणि हात बियांत घातला.

"ओल्यो आसत," बाबा म्हणाले. "पातळ पसर."